पन्नास शब्दांत

वर्तमानपत्राने प्रश्नावली पाठवली आहे:
अकरा प्रश्न, प्रत्येकी पन्नास शब्द,
शुक्रवारी पाचच्या आत.
ओडेट लिहिते, मी मोजतो.
बहीण वॉशिंग्टनच्या सभागृहासाठी उभी राहिली
की भावाच्या वाट्याला हे येतं.

मेन राज्याचं हे वरचं टोक, नदीपल्याड कॅनडा.
बटाट्याच्या काढणीसाठी शाळांना सुट्टी,
म्हणून घरभर पोरं, सिंकमध्ये माती,
आणि तिच्या कागदांवर कुणाचा तरी ओला अंगठा.

आरोग्य.
ती लिहिते: रेजीस वुएले इन्सुलिन अर्धं अर्धं करून घ्यायचा,
पगाराच्या आठवड्यात पूर्ण, आधीच्या आठवड्यात अर्धं,
आणि त्याचा पाय कापला तेव्हा मी ड्यूटीवर होते.
बूट कुणाकडे द्यायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी म्हणतो, एकोणतीस झाले,
आणि भूमिका अजून आलीच नाही.
ती बूट खोडते.
सर्वांना सरकारी विमा, लिहिते, जन्मापासून.
थोड्या वेळाने बूट पुन्हा घालते.

किमान वेतन.
इथे आकडा लिहिते, खाली रेघ मारते.
वीस वर्षं आईने मोटेलच्या चादरी बदलल्या,
गुडघे गेले तेव्हा मालकाने एक मेणबत्ती दिली,
सफरचंदाच्या वासाची.
ती अजून कुणी पेटवलेली नाही.

हवामान.
जपून, मी म्हणतो, निम्मं गाव कागदाच्या गिरणीवर जगतं.
माझा नवराही तिथेच जगतो, ती म्हणते,
आणि नदीबद्दल लिहीत सुटते:
आजोबा जानेवारीत घोडागाडी घेऊन बर्फावरून पलीकडे जायचे,
गेल्या जानेवारीत त्याच जागी सिरोआंचा ट्रक बुडाला.
(पोरगा कुडकुडत काठावर आला
आणि पहिलं विचारलं, विमा भरून देईल ना?
हे मी सुचवलं. तिने घेतलं नाही.)

स्थलांतर.
कुणीही माणूस बेकायदा नसतो, ती लिहिते.
हे फलकावरचं वाक्य झालं, मी म्हणतो, तुझं कुठाय?
बराच वेळ पेन्सिल चावते.
मग आजी येते कागदावर, सात वर्षांची,
शाळेत फ्रेंच बोलली म्हणून फळ्यावर
शंभर वेळा इंग्रजीत लिहिणारी, की पुन्हा नाही बोलणार.
तेव्हा तिला इंग्रजी येतच नव्हतं.
बावन्न. दोन जास्त. असू दे, ती म्हणते,
कापायचे तर माझे काप, तिचे नको.

गर्भपाताचा प्रश्न तिने माझ्यासमोर नाही लिहिला.
बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाल्यापासून
इथल्या बायका दीड तास गाडीने जातात,
एवढं मला माहीत आहे. बाकी ती आणि तिची पेन्सिल.

सातवा, बंदुका.
तळघरात माझ्या चार रायफली आहेत.
नोव्हेंबरात हरीण मी आणतो, आणि तीही खाते.
तिच्या पक्षाच्या लोकांशी यावरून
मी तिच्याच अंगणात भांडलो आहे.
ती वर न बघता लिहिते:
बंदूक विकत घेणाऱ्याने तीन दिवस थांबावं. एवढंच.
ल्युसियनने दुपारी घेतली होती. पावती खिशातच होती,
वेळ छापलेली, दोन वाजून दहा मिनिटं.
धाकटा होता आमचा.
मी मोजतो. सात शब्द.
उरलेले त्रेचाळीस आम्ही दोघं गप्प बसतो.

युद्ध, घरभाडं, विद्यार्थ्यांची कर्जं,
रात्र होते, पोरं सोफ्यावरच झोपतात.
अकरावा प्रश्न: मतदारांनी तुम्हालाच मत का द्यावं?
आजवर माझं मत नेहमी पलीकडच्या रकान्यात गेलं.
तिला ते ठाऊक आहे, ती कधी विचारत नाही,
पेन्सिलला टोक करत विचारते फक्त,
किती झाले?

अजून एकही नाही, मी म्हणतो.
लिही.