तीन नंबरचा कॅम

लानबेरिसला आज चौथा दिवस पाऊस.
कडे ओले, स्लेटची छपरं ओली.
एलुनेदने पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली,
कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावली
आणि हनुवटी लाकडाला टेकवून बसली.

आधी कॅराबिनर. चोच उघडी ठेवून
आत एक वाटाणा:
भुकेलं पिल्लू.
जुन्या स्लिंगच्या कडेला फुटलेली जांभळी लव,
म्हणजे सुरवंट, झोपमोड झालेला.
तारेवरचे नट उंचीप्रमाणे ओळीत,
शाळेच्या फोटोतली पोरं;
सगळ्यांत धाकट्याचं नाक खरचटलेलं,
मागे एका भेगेत तो दोन तास
रुसून बसला होता.

"ताटं कुठे मांडू?" गेथिन विचारतो.
"थांब, हा हसतोय."

हा म्हणजे कॅम. चार जबडे, करवती कडा.
फोकस थोडा पुढे. अजून केसभर.
दातात काहीतरी अडकलंय याच्या.

गारगोटीचा कण.
दुरून साजरा दिसतो त्याच डोंगराचा,
तिळाहून लहान,
पडद्यावर मात्र कड्याएवढा.

सप्टेंबर. तो डावीकडचा कोपरा.
पाय सुटला तेव्हा खाली हाच होता.
जीव टांगणीला लागतो म्हणतात,
तो या बोटभर निळ्या पट्टीला लागला होता,
आणि याने डोंगर चावून धरलेला.

गेथिनला यातलं काही माहीत नाही.

ती जुना टूथब्रश उचलते.
बघत राहते.
ठेवून देते.
"असू दे," कॅमला म्हणते,
"एवढा घास तुझा."

मग वाटाणा तोंडात टाकते
आणि टेबल आवरायला घेते.