अपेक्षित परिणाम

नव्या अपडेटनंतर ‘सुऱ्या’ मोडतात.
आडवा र गळून पडतो,
जागी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ.

कळवलं. आवृत्ती, फॉन्ट,
कुठल्या खिडकीत होतं, कुठल्या नाही.
लांबून कुणी योनास विचारतो:
बरोबर असता तर कसा दिसला असता?

आता हे कसं सांगायचं.
कोयरी? पापणी? खोडून टाकलं.

दुपारी पापाची तिकटी.
बाबालाल शिकलगारांच्या टपरीवर पत्रा:
‘सुऱ्यांना धार लावून मिळेल’
पिवळ्यावर तांबडा,
एका झटक्यात ओढलेला र,
टोकाला रंग ओघळलेला.

“पाटीचा फोटू कशाला वो? टॅक्स बसतोय काय?”
“न्हाई चाचा, र पायजे.”
“घ्या की मग,” म्हणाले,
आणि फडक्यानं तेवढाच र पुसून दिला.

रात्री जुन्या आवृत्त्या
अर्ध्या अर्ध्या करत मागं गेले.
इथं धड, इथं मोडका, मधली घे.
अकराव्या खेपेला सापडली ती ओळ:
कुणीतरी आवराआवर करताना
अडगळ समजून काढलेली.

शुक्रवारी योनासचं उत्तर:
दुरुस्त केलंय, तपासून बघ.
खाली अजून एक शंका –
तो ओघळ अक्षराचाच भाग आहे का?