भाकड

बेत्सुकाईतला फेब्रुवारी.
गोठ्याच्या नळाला रात्रभर बल्ब बांधून ठेवते,
तरी सकाळी हातोडीच लागते.
सत्तावीस नंबर आटवून महिना झाला.
दुधाच्या वहीत तिच्यापुढे आडवी रेघ.
सासऱ्यांच्या हिशेबी रेघ म्हणजे रजा.

"भाकड जनावराला सोयाबीनची पेंड?"
कानेकिचीसान चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले.
"गवत घाल. जोवर देत नाही, तोवर मागू नये."
या घरात हा नियम
फक्त गायींपुरता नव्हता.

मी वाद घातला नाही, तराजू काढला.
निशिगाकींनी मुरघासाचा अहवाल आणला होता:
प्रथिनं कमी. गवत उशिरा कापलं आपण,
ऑगस्टभर धुकं उठलंच नाही.
व्यायला एकवीस दिवस,
आणि नेमकी याच दिवसांत तिची भूक आखडते.
वासरू ऐसपैस बसतं
तिच्या घासाच्या जागेवर.

कसं समजावू त्यांना,
की तिच्या पहिल्या पोटात आधी जंतूंची पंगत बसते.
अब्जावधी पाहुणे जेवून उठतात
आणि मग ती त्या पाहुण्यांनाच पचवते.
भाजलेली पेंड तेवढी पंगत चुकवून
मागच्या दाराने आत सरकते,
आतड्यापर्यंत, रक्तापर्यंत,
अजून लोण्यासारख्या मऊ असलेल्या इवल्या खुरांपर्यंत,
कासेत धरू लागलेल्या चिकापर्यंत.
नाही मिळालं तर ती हंबरत नाही.
लाथही झाडत नाही.
स्वतःच्या पाठीतून काढून देते.

"हात लावून बघा," एवढंच म्हणाले.
बाहेर उणे अठरा. त्यांनी हातमोजा काढला.
कण्याच्या दोन्ही अंगांना, जिथे मांस भरलेलं असावं,
तिथे बोटं खोल गेली.
हात बराच वेळ तिथेच राहिला.
मग म्हणाले, "कियोची पाठ अशीच झाली होती.
थोरल्याच्या वेळी. बटाटेच होते त्या वर्षी."
आणि थोड्या वेळाने, गायीकडे बघत,
"दोन दात गेले तिचे."

सासूबाई प्रत्येक फोटोत
तोंडावर हात धरून का हसतात,
हे मला अकरा वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी पेंड मोजायला गेले
तर गव्हाणीत आधीच पडलेली.
जास्त. मूठभर नव्हे, डबाभर जास्त.
"एवढी नको बाबा, मुतातून वाहून जाते."
ऐकू न आल्यासारखे ते बर्फ ओढत राहिले.

एकोणिसाव्या रात्री, तीनच्या सुमारास, व्याली.
गोऱ्हा झाला.
म्हणजे काही दिवसांत ट्रक येणार,
आणि भाव, यंदा न विचारलेला बरा.
सासऱ्यांनी धार काढली.
मी थेंबभर चीक काचेवर घेऊन उजेडाकडे धरला:
रेघ सव्वीसवर.
"बरा आहे?"
"घट्ट आहे. छान आहे."
गोऱ्ह्याने बादलीत नाक बुडवलं, शिंकला,
आमच्या दोघांच्या अंगावर पिवळे शिंतोडे,
मग प्यायला लागला,
ट्रकचं त्याला काय.

वहीत सत्तावीसपुढची रेघ खोडायला बसले,
तर रेघेखाली पेन्सिलीचे बारीक आकडे.
पेंडीची वजनं, रोजची,
एकोणीस दिवसांची.
एकही बरोबर नव्हतं.