शॉर्ट केस

दर वर्षी परीक्षा आली की कळव्याहून फोन येतो,
"हिराजीकाका, येताय ना? सोमवारी आठला. काहीतरी खाऊन या."
दोनशे रुपये, दुपारची थाळी, रिक्षाचे वेगळे.
मी वागळे इस्टेटमधलं शटर अर्धं ओढून घेतो,
टेबलावर जळालेली मोटार तशीच,
तांब्याची तार अर्धी गुंडाळलेली,
आणि जातो
शर्ट काढायला.

हिरव्या पडद्यामागचा तिसरा पलंग माझा.
एकेक पोरगं येतं, हात थंडगार,
"काका, दाबलं तर दुखतं का?"
नाही रे. दाब. गाठ आत जाते बटणासारखी,
सोडलीस की परत वर.
इतक्या वर्षांत तोंडपाठ झालंय मला:
डाग मोजायचे, सहा तरी हवेत,
मोठ्यांचे पंधरा मिलिमीटरच्या वर, पोरांचे पाचच्या,
मग काखेतले ठिपके, मग डोळ्यात बॅटरी.
पुस्तकात त्या डागांना म्हणे फ्रेंच नाव आहे,
दूध घातलेली कॉफी.
आमच्याकडे कॉफी कोणी पीत नाही.
आई म्हणायची, देवाच्या हातून कोरा चहा सांडला.

तिला मात्र गावाने वेगळंच ऐकवलं होतं:
ग्रहणात विळीवर बसली असशील.
ती शपथेवर सांगायची, त्या दिवशी मी
वालाची शेंगसुद्धा सोलली नाही,
भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते नुसती.
मरेपर्यंत सांगत होती. कोणी विचारत नसतानाही.
डॉक्टरांनी मला गुणसूत्राचा नंबर सांगितला, सतरा,
तेव्हा घरी जाऊन सांगायला ती नव्हती.

चुलतभावाच्या हळदीत फोटोवाला म्हणाला,
"दादा, तुम्ही जरा जनरेटरकडे बघता का?"
मी बघितलं.
जनरेटर खरंच बिघडलेला होता.

यंदा एक मुलगी आली, लातूरकडची, बोलण्यावरून कळलं.
पाठ बघितली, पोट बघितलं, कागदावर काहीतरी खरडलं.
पडद्याबाहेर परीक्षकांचे बूट.
तिच्या वरच्या ओठावर घाम.
मी खोकलो, आणि हात डोक्यामागे नेला
आळस दिल्यासारखा.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग काखेत बघितलं.

सगळं आटोपल्यावर परत आली, बटणं लावत होतो तेव्हा.
"काका, तुम्हाला काही विचारायचंय का?"
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, मुलीला पाच आहेत.
वय सहा.
तिने पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
"ओपीडीत आणा," म्हणाली, "गुरुवारी. मी असेन."

रविवारी रेवाला आंघोळ घालताना मोजतो.
पाठीवर तीन, मांडीवर एक, एक बेंबीखाली,
फेस पुसून पुन्हा.
मागे एकदा सहावा सापडला,
नखाने खरवडला तर निघाला,
चिंचेचा कोळ.

रात्री ती माझ्या पाठीवर बोट टेकवून गाठी मोजते,
तिला वाटतं सगळ्यांच्या बापाला असतात.
शाळेने शंभरपर्यंत शिकवलंय,
पुढचे आकडे माझ्यावर शिकली.
एकशे बाराला बोट सैल पडतं.

मी कूस बदलत नाही.
मोटार बुधवारीच द्यावी लागेल.
गुरुवारी दुकान बंद.