रॅम्प, नग एक

स्टेज तीन फुटी. नेहमीचंच.
नाना पेठेतून टेम्पो भरून निघालो:
फळ्या, बांबू, चारशे खुर्च्या, लाल मॅटिंग,
पुढच्या रांगेला सोफे सहा.
खिशात पत्रिका, सोनेरी अक्षरांत
'दिव्यांग हक्क मेळावा, सर्वांचे स्वागत'.

येरवड्यातल्या शाळेचं मैदान,
दोन डिसेंबरची संध्याकाळ,
बोटं गारठलेली, सुतळीची गाठ बसेना.

शितोळेबाई आल्या, खुर्चीची चाकं स्वतःच ढकलत,
मांडीवर डबा, डब्यावर मोजायची टेप.
"मी वर कशी जाणार?"
अध्यक्ष म्हणाले, "चार पोरं आहेत की, अलगद उचलतील."
"उचलायला मी काय गणपती आहे?
आणि त्याला तरी म्हणतात, पुढच्या वर्षी लवकर या."

पोरं हसली. मीही.
मग टेम्पोतली पाच फुटी फळी ओढली,
जनरेटर चढवायची.
बाईंनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.
"एकास बारा, तांबोळी.
फूटभर उंचीला बारा फूट लांबी.
तुमच्या तीन फुटांना छत्तीस."

पंचवीस वर्षं मंडप घालतोय.
लग्नं, बारशी, दहावे, निवडणुका.
उतार म्हणजे मला एवढंच ठाऊक
की पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यातून काढायचं.

छत्तीस फूट म्हणजे
सोफ्यांच्या छाताडावरून थेट चहाच्या टेबलापर्यंत.
अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.
तेव्हा कुणीतरी बोललं, बहुतेक माझंच तोंड:
स्टेजच खाली आणू. दीड फूट.

"अहो, मागच्यांना दिसायचं नाही!"
बाई टेप गुंडाळत होत्या.
"मला रोज माणसांचे पट्टेच दिसतात.
एक दिवस त्यांनी मान उंच करावी."

रात्री अकरापर्यंत ठोकाठोक.
त्या तीनदा चढल्या, उतरल्या,
दोनदा म्हणाल्या, कठडा हलतोय.
हलत होता.

दुसऱ्या दिवशी शाली, नारळ, लांबलेली भाषणं.
ऐकू न येणाऱ्या पोरांचं नाटक झालं
तेव्हा सगळ्या मैदानाने हात वर करून पंजे हलवले,
आणि चारशे टाळ्यांचा आवाज नाही.
माझ्या कण्यातून काहीतरी सरकत गेलं.

पण मी बघत होतो रॅम्पकडे.
चहाची ट्रॉली त्यावरून गेली.
गुडघे धरून मुख्याध्यापिका गेल्या.
झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन एक बाप.
पायऱ्या समोर असून प्रमुख पाहुणेसुद्धा.
पायऱ्यांवर दिवसभर
कुणाच्या तरी चपला पडून होत्या.

सामान भरताना बिलबुक काढलं.
म्हटलं, "रॅम्पचे नाही लावत बाई, पुण्याचं काम."
"पुण्याचंच आहे," त्या म्हणाल्या, "या गावाचं.
पुण्यबिण्य नको. बिलात लावा.
फुकटचं लोक विसरतात,
बिलातलं पुढच्या वर्षी आपोआप येतं."

खुर्च्या, चारशे.
सोफे, सहा.
त्याखाली लिहिलं: रॅम्प, नग एक, अठरा फूट.
आणि भावाच्या रकान्याशी पेन अडलं.
मला भाव माहीतच नव्हता.
आजवर कुणी विचारलाच नव्हता.