अर्धा र

शिवडीचा दवाखाना, खिडकी क्रमांक दोन.
अनुसया कुऱ्हाडे केसपेपर डोळ्यांजवळ नेतात
आणि म्हणतात, "माझं नाव मोडलंय हो."

मोडलेलंच होतं.
आधी कु, मग पायमोडका र,
मग ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ, मग हाडे.
"हाडं तेवढी राहिली," बाई हसल्या.
मागची रांग हसली. मी नाही.
दिवसाला अशी सात-आठ नावं.
"पायऱ्यांवरून पडला" असं लिहावं
तर आधी पायऱ्याच तुटायच्या.

कंपनीला कळवलं.
अंधेरीच्या काचेच्या इमारतीतून सौजन्याने उत्तर आलं :
ही अडचण फार थोड्या ग्राहकांना येते,
पुढच्या आवृत्तीत विचार करू,
नूतनीकरणाचं बिल सोबत.
आत बघता येईल का, विचारलं
तर करारातलं कलम चौदा.
म्हणजे नाव बाईंचं, र आमचा, कुलूप त्यांचं.

मग उमेदवारीवर तबस्सुम मुकादम आली,
माझगावची, पॉलिटेक्निकची, तीन महिन्यांसाठी.
अडगळीतल्या दोन मशीनवर तिनं
दुसरंच काहीतरी चढवलं.
"फुकट आहे?" मी दबकत विचारलं. ऑडिटची भीती.
"उघडं आहे," ती म्हणाली,
"विहीर सगळ्यांची असली
तरी गाळ कुणीतरी काढावाच लागतो."

त्यातही र मोडला.
झालं, मी म्हटलं.
फरक इतकाच, की हिचं झाकण निघत होतं.

रात्रीचे साडेआठ. कीबोर्डवर बंदराची काळी धूळ.
ती विचारत गेली, मी सांगत गेलो :
दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरांमधल्या.
तोच र, पण एक डोक्यावर चढून बसतो,
दुसरा पुढच्या अक्षराला हात देतो.
चौथीत शेणवीबाईंनी हातावर छडी मारून शिकवलेलं,
चाळीस वर्षांनी कुठं कामी आलं पाहा.

अकरा ओळी झाल्या.
जिथून घेतलं होतं तिथंच तिनं परत ठेवलं,
खाली माझंही नाव घातलं :
व्याकरण, दत्ताराम पेडामकर, लिपिक.
तीस वर्षांच्या नोकरीत
मस्टर सोडून कुठं छापलं गेलेलं पहिलंच.

महिन्याने बुटवलहून निरोप. नेपाळ.
फुलमती थारू, लसीकरणाच्या नोंदी ठेवतात.
त्यांच्याकडेही हाच र तुटायचा,
गऱ्यो लिहिताना. गऱ्यो म्हणजे केलं.
आता जुळतो, असं कळवून
त्यांनी स्वतःच्या चार ओळी जोडल्या होत्या,
आमच्या ध्यानात न आलेल्या एका जोडाक्षरासाठी.

त्याच बुधवारी अनुसयाबाई आल्या.
केसपेपर डोळ्यांजवळ नेला, वाचला,
घडी घालून ब्लाउजमध्ये खोचला.
काही म्हणाल्या नाहीत.
साखर मात्र दोनशे चाळीस.
तिच्यासाठी तबस्सुमकडे ओळी नव्हत्या.