कोपऱ्याचा भागाकार

नारीनच्या वर, डांबरी रस्ता संपतो तिथे
तिसरीचा वर्ग. अकरा मुलं, एक शेगडी.
गारठलेला खडू उमटत नाही, किरकिरतो.
एक उभी रेघ ओढते, तिला टेकून एक आडवी:
हा कोपरा. ह्यात भाजक बसेल,
उत्तर त्याच्या पायाशी.

सहाशे अठरा मेंढ्या. सहा भाऊ.

बेरीज उजवीकडून येते, वजाबाकी उजवीकडून,
हा एकटाच डावीकडून चालत येतो,
आधी थोरल्या अंकाला विचारतो.
सहा एके सहा. शतकं संपली.
आता एक खाली उतरवा.

सइकाल उतरवते,
घोड्यावरून कोकरू उतरवावं तसा, दोन्ही हातांनी.
एकाला सहाने भाग जात नाही.
मग ती आठही ओढून घेते,
सहा त्रिक अठरा,
आणि कोपऱ्याखाली लिहिते: तेरा.

"प्रत्येकाला तेराच? मग पाचशे चाळीस मेंढ्या
गेल्या कुठे?"
"लांडगे," मागच्या बाकावरून एल्दियार.
वर्गभर हसू. मलाही आवरत नाही,
खडूचा तुकडा हातातून निसटतो, शेगडीमागे जातो.

दुसरा खडू शोधेपर्यंत बोलत राहते:
भाग गेला नाही तिथे शून्य मांडायचं.
ह्या खेपेला कुणालाच काही मिळालं नाही,
तेही लिहावं लागतं.
"मिळालंच नाही, तर लिहायचं कशाला, एजे?"

सइकालला सांगायला उत्तर होतं माझ्याजवळ,
एककं, दशकं, प्रत्येकाची जागा.
पण एल्दियार उभाच राहिला होता.
"आमच्यात सारखं कुठे वाटतात?
मेंढी कापली की डोकं पाहुण्याला,
मांडीचं हाड चुलत्याला,
मला कान.
हे कोपऱ्यात कसं मांडायचं?"

मला नाही माहीत.
आम्हाला सारखे वाटेच शिकवले,
ते सोपे, म्हणून असेल.
मी म्हटलं, "खाली बस."
तो बसला, कान धरून, नाटक करत.

सइकालने बाहीने तेरा पुसले.
एक आणि तीनच्या मध्ये शून्य घातलं,
इतकं बारीक,
की दोघांच्या घसरगाडीत तिसरं पोर कोंबलंय.
"मोठं काढ," म्हटलं. "त्याचीही जागा आहे."
तिने काढलं. मग इतकं मोठं, की एक फळ्याच्या कडेला गेला.

उद्या बाकी शिकवायची.
सहाशे एकोणीस मेंढ्या, सहा भाऊ, एक उरेल.
एल्दियार विचारणार, ती कुणाची?
वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहते:
आईची.
दारात येईल त्याची.
लांडग्याची.

पहिल्या दोन खोडते.
शेगडीत आणखी एक शेणी सरकवते.